ओ देऊ नका

१

भाऊजींनी मला कामाला घेतलं ते मी भित्री म्हणून. सिनेमात नुसतं संगीत बदललं तरी मी डोळ्यांवर उशी ओढते, आणि वर 'आता काय चाललंय' असं शेजारच्याला विचारत बसते. नवरा त्यावरून माझी यथेच्छ टिंगल करायचा. त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे भाऊजी, मात्र म्हणाले, "वहिनी, मला असंच माणूस हवंय. आम्ही निबर झालोय. आम्हाला कशाचंच काही वाटेनासं झालंय."

भाऊजी गेम बनवतात. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचं ऑफिस. तेव्हा ते भीतीचा एक गेम करत होते. त्यात भूत एकही नव्हतं. एक माणूस एका घरात एकटा राहतो आणि हळूहळू त्याचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडत जातो, एवढंच. पण ते एवढंच इतकं अंगावर यायचं की खेळून झाल्यावर मला स्वतःच्या घरातला पॅसेजही परका वाटायचा.

माझं काम इशारे लिहायचं. गेम सुरू होण्याआधी एक काळा पडदा येतो, त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की आत काय काय आहे. ज्याला सोसणार नाही त्याने तिथूनच मागे फिरावं. एखाद्याच्या घरातलं माणूस नुकतंच गेलेलं असतं, एखादा स्वतःच काठावर उभा असतो. त्यांच्यापुढे अचानक नको ते येऊ नये. मी ते काम मनापासून करायचे. दुपारी ऑफिसात यायचे, खिडकीचे पडदे सताड उघडायचे, खालून शिंप्याच्या मशीनची घरघर यायची तिचा आधार घ्यायचे आणि हेडफोन चढवायचे. आत्महत्येचा उल्लेख. बंद जागा. आरशातला चेहरा बदलणं. 'गेममधला कुत्रा शेवटपर्यंत सुखरूप आहे' ही ओळ मी आपणहून घातली होती. लोक माणसांचं फारसं विचारत नाहीत, कुत्र्याचं हमखास विचारतात.

२

गेममधल्या घरात एक लांब पॅसेज होता आणि त्याच्या टोकाला एक बंद दार. ते उघडायचं नाही, खेळणाऱ्याने त्याच्यासमोरून वळून स्वयंपाकघरात जायचं. एका दुपारी मी तिथून वळत असताना दारामागून आवाज आला. टिण, टिण. थांबून पुन्हा टिण, टिण. स्टीलच्या पेल्यावर कुणीतरी चमचा वाजवत होतं.

आवाज मोठा नव्हता, भेसूर तर अजिबात नव्हता. उलट फार समजूतदार होता. घाई नाही पण विसरू नका, अशा बेताने वाजत होता. तरी मी कंट्रोलर खाली ठेवला. मी हेडफोन काढले, आवाज बंद. खाली मशीन चालू होती. पुन्हा घातले, टिण, टिण.

मी मनाशी म्हटलं, जमलंय की भाऊजींना. आणि इशाऱ्यात ओळ वाढवली : 'आजारी माणूस सतत बोलावत असल्याचा आवाज.'

संध्याकाळी भाऊजींनी ती वाचली. "हे कुठून काढलंस?"

"पॅसेजच्या टोकाला. त्या दारामागून येतो ना तो चमच्याचा आवाज."

भाऊजी सावकाश म्हणाले, "वहिनी, ते दार नाहीच आहे. भिंतीला दाराचं चित्र चिकटवलंय. पलीकडे आम्ही काही बनवलेलंच नाही. खोली नाही, आवाज नाही, काही नाही."

मी ती ओळ खोडली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पुढे काही विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. चमच्याचं मी बोलून बसले आणि मग माझ्याच लक्षात आलं की मी काय बोलले.

३

सासूबाई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. शेवटची दोन वर्षं त्यांची वाचा गेली होती. उजवी बाजू लुळी पडलेली, जीभ वळायची नाही. उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवलेला असायचा. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, नुसतं कुणी जवळ हवं असलं, की डाव्या हाताने त्या तो वाजवायच्या.

वाजवला की भाऊजी धावायचे. लग्न केलं नाही, बाहेरगावची नोकरी सोडली, आणि आईच्या पलंगाशेजारी स्टूल टाकून त्यावर लॅपटॉप घेऊन ते गेम बनवायला शिकले. मी डबा घेऊन जायचे, केस विंचरून द्यायचे. माझा नवरा मात्र जायचा नाही. तो वाईट माणूस नाही. औषधं तो आणायचा, डॉक्टरांशी तो बोलायचा, रोज फोन करून चौकशी तो करायचा. पण खोलीत पाऊल टाकायचं म्हटलं की त्याचे पाय जड व्हायचे. एकदा गेला तो उंबऱ्यातच उभा राहिला. सासूबाईंनी त्याला बघितलं आणि पेला वाजवला. तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात येतो गं," आणि जिना उतरला. पुढचे आठवडे येत राहिले.

तेव्हा मी स्वतःची समजूत घातली ती अशी : दोन वर्षं जो आवाज कानात बसलाय तो कुठेही ऐकू येणारच. डोकंच ते. शिवाय घाबरवणारा गेम खेळत बसल्यावर आणखी काय होणार? मला पटलंही.

दुसऱ्या दिवशी मी आवाजवालीला बोलावलं. ऑफिसात आवाजाचं काम करणारी एक मुलगी होती, तिला सगळे आवाजवाली म्हणायचे. गाजर मोडून हाड मोडल्याचा आवाज काढायची, ओली फडकी आपटून काय काय करायची. कशाला म्हणजे कशाला घाबरायची नाही.

तिने माझे हेडफोन घातले, मी पॅसेजच्या टोकाला जाऊन थांबले.

"काही नाहीये," ती म्हणाली. "तुझ्या कानाचं काहीतरी आहे."

"नक्की?"

"थांब, दाखवतेच." तिने तिच्या कॉम्प्युटरवर आवाजाची पट्टी उघडली. आवाज असला की ती हिरवी पट्टी वर उसळते, नसला की सपाट राहते. आम्ही दोघी बघत राहिलो. पट्टी सपाट होती. मग ती उसळली. दोनदा. थांबून पुन्हा दोनदा.

आवाजवालीने हेडफोन कानांवर घट्ट दाबले. "मला काही ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "हे हलतंय, पण मला ऐकू येत नाहीये."

त्या दिवशी ती लवकर घरी गेली. मग म्हणाली, बाकीचं काम घरूनच करते.

४

भाऊजींनी कॉम्प्युटर बदलला. गेम पुसून पुन्हा बसवला. दाराचं चित्र काढून तिथे नुसती भिंत केली. भिंतीमागून आवाज यायला लागला. तेव्हा त्यांनी चित्र परत लावलं. का ते मी विचारलं नाही. बिनदाराच्या भिंतीमागून तो आवाज ऐकणं फार वाईट होतं.

इतके दिवस त्यांना स्वतःला तो ऐकू येत नव्हता. मी सांगायचे, ते ऐकायचे, मान हलवायचे. ते घाबरले नव्हते, हे मला हळूहळू कळलं. ते हिरमुसले होते. मला ऐकू येतो आणि त्यांना येत नाही, याचं त्यांना लागलं होतं.

मग एका दुपारी, बाहेर लख्ख ऊन असताना, आम्ही एकाच कॉम्प्युटरला दोन हेडफोन लावून बसलो होतो. ते खेळत होते, मी बघत होते. पॅसेजच्या टोकाला चमचा वाजला आणि भाऊजींनी खेळणं थांबवलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. दमून घरी आलेल्या माणसापुढे कुणीतरी आयता चहा करावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"ऐकलंस?" ते कुजबुजले.

"भाऊजी, बंद करा."

"तिला पाणी हवं असेल."

"भाऊजी, आत काही नाही. तुम्हीच म्हणालात. तुम्ही बनवलेलंच नाही."

ते माझं ऐकत नव्हते. ते खुर्चीत पुढे सरकले आणि जशी घरी द्यायचे तशी ओ दिली. जोरात नाही, अगदी सहज, हातातलं काम टाकून उठताना देतात तशी. "आलो गं आई."

चमचा थांबला.

पडद्यावर दाराच्या चित्राच्या कडेला एक काळी रेघ उमटली. दार किलकिलं झाल्यासारखी. रेघ रुंद झाली नाही, पण तिच्या मागे खोली होती, हे मला कळलं. पलंगाचा पाय दिसत होता. त्याला गुंडाळलेलं निळं फडकंही दिसत होतं. पलंग डुगडुगू नये म्हणून ते मीच गुंडाळलं होतं.

मग आतून आवाज आला. माणसाचा आवाज. वाचा जाण्याआधीचा, खणखणीत.

"तू नको," आवाज म्हणाला. "थोरल्याला पाठव."

रेघ मिटली.

५

भाऊजींनी हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळून ठेवली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, ते घाबरलेत. पण ते वळले तेव्हा डोळे लाल होते.

"म्हणजे तेव्हाही ती त्यालाच बोलवत होती," ते म्हणाले. "मी उगाच धावायचो."

"ते त्या नव्हत्या, भाऊजी. त्यांना बोलता कुठे येत होतं?"

"मग कोण होतं?"

आपण हा प्रश्न सरळ चेहऱ्याने एकमेकांना विचारतोय याचीच मला जास्त भीती वाटली. दोन शहाणी माणसं. खाली शिंपी कुणाला तरी विजारीची उंची विचारत होता.

त्याच दिवशी आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. यातलं अवाक्षरही माझ्या नवऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. आणि गेम कुणाच्या हाती द्यायचा नाही. तरीही, समजा चुकून कुणी सुरू केलाच, म्हणून मी काळ्या पडद्यावरचे सगळे इशारे काढून एकच लिहिला :

'आत तुम्हाला ओळखीची हाक ऐकू येईल. ओ देऊ नका.'

तो पडदा पटकन पुढे ढकलता येऊ नये, वाचायला पुरेसा वेळ थांबावा, असंही मी भाऊजींकडून करून घेतलं. कॉम्प्युटर का फोडला नाही, असं कुणी विचारेल. मी म्हटलं होतं भाऊजींना. ते म्हणाले, "आणि ती आत असेल तर?"

६

त्यानंतर भाऊजी आमच्याकडे यायचे बंद झाले. नवरा म्हणायचा, "धाकट्याचं काहीतरी बिनसलंय. फोन उचलत नाही. तुमचं भांडण झालं का?" मी म्हणायचे, कामात असतील. तो माझ्याकडे बघायचा. मला खोटं बोलता येत नाही हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं.

एका सुटीच्या दिवशी तो म्हणाला, "जरा जाऊन येतो," आणि गेला. मी कपडे वाळत घालत होते. दोरीवर त्याचा एक शर्ट टाकला आणि तसाच हातात धरून उभी राहिले. जरा जाऊन येतो, पण कुठे?

भाऊजींना फोन लावला. त्यांनी चक्क उचलला.

"दादा आला होता," ते म्हणाले. "सगळं विचारलं. मी सांगितलं."

"का सांगितलंत? आपलं ठरलं होतं."

"वहिनी, तिने निरोप दिला होता. माझ्याजवळ दिला होता. मी तो अडवून ठेवणारा कोण?" ते थांबले. "त्याने ऑफिसची किल्ली मागितली, मी दिली. मी तिथे थांबलो नाही. मला ते ऐकवलं नसतं."

मी चपला घालून निघाले. रस्ता ओळखीचा, दुकानं ओळखीची, ऊन नेहमीचं. स्वतःला बजावत होते, की तो तर असल्या गोष्टींना हसणारा माणूस आहे. त्याला काही ऐकूच येणार नाही. जांभया देईल आणि बंद करेल. पण त्याने खोलीच्या उंबऱ्यातून घेतलेला काढता पाय मी पाहिला होता. आणि त्यानंतर कित्येक दिवस, घरात कुणाच्या पेल्याला चमचा लागला की तो जेवता जेवता उठून जायचा, तेही पाहिलं होतं. इशारा त्याने वाचला असणारच. वाचल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. मी कुणाला मागे फिरवायला तो लिहिला होता? ज्याने तो मानायला हवा होता, त्याच्यासाठी तर ती 'हाक इथे येईल' असं सांगणारी, पत्ता लिहिलेली चिठ्ठी होती.

७

शिंप्याचं दुकान बंद होतं. मी जिन्यापाशी पोचले आणि वरून तो उतरताना दिसला.

सावकाश, कठड्याला हात लावत उतरत होता. मला बघून हसला. "तू कशाला आलीस उन्हाची?"

"काय झालं?"

"काही नाही."

"ऐकू आलं काही?"

"नाही गं. थोडा वेळ बसलो, कंटाळा आला." त्याने माझा हात हातात घेतला. "चल, घरी जाऊ."

माझा जीव भांड्यात पडला. मी हसले, की रडले, आठवत नाही. आम्ही चालायला लागलो. हात उबदार होता. चालताना तो पायाने खडे उडवत होता, तशी त्याची सवयच आहे. मानेवरचा तीळ जागच्या जागी होता. हे मी तपासून बघतेय हे माझ्या लक्षात आलं आणि मला माझीच लाज वाटली. मग वाटलं, लग्न झाल्यापासून रस्त्यात त्याने माझा हात कधी धरला होता?

कोपऱ्यावर फोन वाजला. भाऊजी.

"वहिनी, कुठे आहेस?"

"घरी चाललोय आम्ही. सगळं ठीक आहे. हा भेटला मला."

पलीकडे मला खुर्ची करकरल्याचा आवाज आला. ऑफिसातली ती एक खुर्ची तशी करकरायची.

"कोण भेटला?"

"कोण म्हणजे? तुमचा दादा. माझ्यासोबत आहे."

भाऊजींनी इतक्या हळू सांगितलं की मला फोन कानाशी दाबून धरावा लागला. "वहिनी, मी मागच्या जिन्याने आत्ताच वर आलो. कॉम्प्युटर चालू आहे. ते दार उघडं आहे, सताड. आत पलंगाशेजारी माझं स्टूल आहे, त्यावर पाठमोरा कुणीतरी बसलाय. त्याने दादाचा निळा शर्ट घातलाय. आणि तो रडतोय."

माझ्या शेजारच्या माणसाने निळाच शर्ट घातला होता.

"कुणाचा फोन?" त्याने विचारलं.

"भाऊजींचा," मी म्हटलं.

"बरा आहे ना धाकटा?"

मी मान हलवली. त्याने हात सोडला नव्हता. मी चालत राहिले, कारण थांबले असते तर त्याने विचारलं असतं, का थांबलीस.

८

याला आता बरेच दिवस झाले. माझ्या घरात जो माणूस राहतो तो भला आहे. कामावर जातो, वेळेवर येतो, माझी टिंगल करत नाही. पेल्यावर चमचा वाजला तरी उठून जात नाही, वर बघतही नाही. सासूबाईंचं नाव काढत नाही. मी त्याच्याशी नीट वागते. त्याने काय केलंय माझं?

भाऊजी ऑफिसातच राहतात. कॉम्प्युटर बंद करत नाहीत. वीज जाऊ नये म्हणून त्यांनी मोठी बॅटरी आणून बसवली आहे. ते तिथे बसून असतात, ओ मात्र देत नाहीत. तेवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. मी तिकडे जात नाही. नुसता फोन करते. आज केला तेव्हा हा आत स्वयंपाकघरात भांडी मांडत होता.

"आज कसा आहे?" मी हळूच विचारलं.

"बसलाय," भाऊजी म्हणाले. "सकाळी तिला भरवत होता. आधी सांडायचं, आता नीट जमतं त्याला. मग पाय चेपून दिले. आता रडत नाही."

"काही बोलला?"

"तिच्याशीच बोलतो. मघाशी म्हणत होता, आई, आता मी निघतो. फार वेळ झाला. बायको माझ्यासाठी जेवायची थांबली असेल."

आत पाट सरकवल्याचा आवाज आला, वाढल्याचा आला.

"वहिनी? आहेस ना?"

"अगं, निवतंय सगळं," आतून हाक आली. "ये ना. मी थांबलोय."

मी फोन ठेवला आणि जेवायला जाऊन बसले.